गोधडीचा चौथा कोपरा

मशीन घरघरलं, एक आचका दिला आणि गप्प झालं.

मोरीच्या उंबऱ्याशी उकिडवा बसलेला हिरामण भोये तसाच बसून राहिला. "चल ना बाई," तो मशीनला म्हणाला, पण अगदी हलक्या आवाजात. आतल्या खोलीत कुसा झोपली होती आणि ती उठायच्या आत हे काम उरकायचं होतं.

गोल काचेमागं पाणी अर्ध्यावर तटून राहिलं होतं. त्या पाण्यात गोधडी. हिरव्या लुगड्याचा एक पदर काचेला चिकटून बाहेर बघत होता. वर लाल अक्षरं लुकलुकत होती. हिरामणनं बटण बंद केलं, थोडं थांबून परत चालू केलं. अक्षरं गेली, आत कुठंतरी पंप कण्हला, पाणी जागचं हललं नाही आणि अक्षरं परत आली. दाराची मूठ ओढून पाहिली. घट्ट. आत पाणी असलं की हे दार उघडत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. पाणी का जात नाही, ते ठाऊक नव्हतं.

त्याची उभी हयात अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्सला गेलेली. बंद पडलेली मोठमोठी धूडं त्यानं कान लावून, हात लावून चालू केली होती. पण घरातल्या या यंत्राशी त्याची कधी ओळखच झाली नाही. ते कुसाचं होतं. तो मळके कपडे टोपलीत टाकायचा आणि धुतलेली घडी कपाटातून उचलायचा. मधलं सगळं कुसाच्या हातात. आता कुसाच्या हातातूनच एकेक गोष्ट निसटायला लागली, तेव्हा ते मधलं सगळं त्याच्या अंगावर आलं.

सकाळी गोधडी ओली झाली होती. कुसाचा दोष नव्हता. अंधारात तिला संडासाची वाट सापडली नाही, एवढंच. ही गोधडी कुसाच्या आईनं शिवलेली, तिकडं माहेरी करंजाळीला, ओट्यावर बसून, स्वतःच्या जुन्या लुगड्यांची. लग्नात ती कुसाबरोबर आली. आणि आता कुसाला घर ओळखू येईना, लेकीचं नाव आठवेना, नवऱ्याकडं ती परक्या माणसाकडं बघावं तशी बघायला लागली, तरी गोधडी मात्र तिच्या ओळखीची राहिली होती. दिवेलागणीला कुसाचा जीव उडायचा. घरभर फिरायची, दाराशी जायची, माहेरी जायचंय म्हणायची. मग हिरामण गोधडी तिच्या अंगावर घालायचा. ती काठ चाचपायची, एक कोपरा मुठीत धरायची आणि हळूहळू तिचा श्वास खाली बसायचा.

दरवर्षी घटस्थापनेच्या आधी घरातल्या गोधड्या गंगेवर, गावच्या नदीवर, जात. खालच्या मजल्यावरची सगुणाबाई आणि कुसा रिक्षात गाठोडी कोंबून निघत, दिवसभर घाटावर धूत, वाळवत आणि उन्हं कलली की परतत. मशीनमध्ये कुसानं ही गोधडी कधीच घातली नाही. हिरामणनं एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाली होती, "तिचं धुणं निराळं असतं. तुम्हाला नाय कळायचं." त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

आज सकाळीसुद्धा सगुणाबाई जिन्यात म्हणाली होती, "भाऊ, परवा घाटावर जायचंच हाये. तवर नुसती उन्हात टाका, मी नेते." पण मुताचा वास मारणारी गोधडी परवापर्यंत ठेवायची कुठं, आणि आज संध्याकाळी कुसाच्या अंगावर काय घालायचं? मशीन पिळून देतं, ऊन कडक आहे, दिवे लागायच्या आत वाळेल, असा त्यानं मनाशी हिशेब मांडला आणि गोधडी गुडघ्यानं दाबून आत कोंबली.

हे एवढंच असतं तरी त्यानं निभावून नेलं असतं. पण उद्या लेक, तेजस्विनी, येणार होती.

गेल्या पावसाळ्यात एकदा गोधडी दमट होती म्हणून त्यानं ती दोरीवर टाकली होती आणि दूध आणायला खाली उतरला होता. परत आला तर दार सताड उघडं. सिडकोपासून गंगेपल्याडपर्यंत शोधाशोध झाली. कुसा करंजाळीच्या वाटेवर, पेठ नाक्यावर सापडली, अनवाणी, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवत. त्या दिवशी लेक पुण्याहून फोनवर खूप रडली. मग रडणं थांबवून म्हणाली, "बाबा, पुन्हा एकदा जरी असं झालं ना, तर मी आईला इकडच्या केंद्रात ठेवणार. तिथं नर्स असतात. दारांना कुलपं असतात." बाकी सगळं हिरामण विसरला, कुलपं तेवढी छातीत रुतून बसली. उद्या ती बघायला येत होती. आई कशी आहे, आणि बाबांच्यानं होतंय का.

म्हणून आजची संध्याकाळ सरळ जायला हवी होती. आणि गोधडी काचेमागं, पाण्यात.

मोरीच्या पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा तुकडा आत आला होता. दुपारी तो फरशीवर होता. आता भिंतीवर चढायला लागला होता.

हिरामणनं मशीन पुढं ओढलं. फरशी करकरली. मागं गेलेली नळी हातानं चाचपली. मुरड नाही, गाठ नाही. नळीचं टोक मोरीच्या तोंडातून काढून फुंकून पाहिलं. वाट मोकळी.

"काय ओ भाऊ," खालून जिन्यातून सगुणाबाईचा आवाज आला, "घर हलवता का गाव? माझ्या ताटात चुना पडला की."

"काही नाही, मशीन जरा सरकवलं," हिरामण दाराच्या फटीतून म्हणाला.

"सरकवा सरकवा. फक्त माझ्या डोक्यावर आणू नका, म्या एकच डोकं आणलंय दिंडोरीहून."

एरवी तो हसला असता. आज त्यानं दार लोटलं, कडी घातली आणि आत डोकावला. कुसा कुशीवर निजली होती. झोपेतच तिचा हात अंथरुणावर काहीतरी शोधत होता. बोटं चादरीचं टोक धरत, सोडून देत, पुन्हा शोधत.

त्यानं कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली की माणूस उद्या दुपारनंतर येईल. "उद्या नको, आज," हिरामण म्हणाला. "सर, उद्या," ती तितक्याच गोडीनं म्हणाली.

तो परत उकिडवा बसला. पेटीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं पातं मशीनच्या पत्र्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. कारखान्यात असंच करायचे. यंत्राचं दुखणं पातं सांगतं. त्यानं बटण दाबलं. वर काही नव्हतं. मधे काही नव्हतं. खाली, उजव्या अंगाला, पंप फिरायला बघत होता आणि त्याचा पाय कशात तरी गुंतत होता. ऊं करून उठायचा, ऊं करून बसायचा.

म्हणजे काहीतरी अडकलंय. आणि पंप आहे तिथं जाळी असणारच. कारखान्यात कूलंटच्या पंपाला असायची, तशी इथंही असेल. पण कुठं? त्यानं मागचा पत्रा चाचपला, बाजू चाचपल्या, फरशीला गाल लावून खाली बघितलं. सगळीकडं गुळगुळीत पांढरा पत्रा.

तेवढ्यात फोन वाजला. तेजू. चेहरा दाखवायचा फोन.

हिरामणनं हात लुंगीला पुसले, गॅलरीत गेला, पाठ भिंतीला लावली.

"बाबा, घामाघूम का झालात?"

"ऊन आहे गं."

"आई?"

"झोपलीय. मस्त."

"गोळी दिली? आणि तुम्ही जेवलात का? काय जेवलात ते सांगा, नुसतं हो म्हणू नका."

"पिठलं," हिरामण म्हणाला. पिठलं काल होतं.

"बाबा, मागं कसला आवाज येतोय?"

त्यानंही तो ऐकला. कपाटाची दारं उघडत होती, मिटत होती. कुसा उठली होती.

"सगुणाबाईकडं काहीतरी चाललंय," तो म्हणाला. "ठेवतो. दूध उतू जाईल." लेकीचा चेहरा काही बोलायच्या बेतात असतानाच त्यानं फोन बंद केला. आपण लेकीशी खोटं बोललो, हे त्याला कळलं, पण त्याचा विचार करायला आता वेळ नव्हता. उन्हाचा तुकडा भिंतीच्या मध्यावर पोचला होता.

कुसानं कपाटातले कपडे जमिनीवर काढून ठेवले होते. पलंगाखालची ट्रंक ओढली होती. तिच्या काखेत एक पिशवी होती आणि पिशवीत एक कंगवा, एक वाटी आणि हिरामणचा जुना स्वेटर.

"ओ कंडक्टर," ती त्याला म्हणाली, "करंजाळीची गाडी लागली का?"

कधी तो तिला मास्तर वाटायचा, कधी भाऊ. संध्याकाळकडं बहुतेक कंडक्टर. सुरुवातीला तो समजावत बसायचा, कुसा, मी आहे, मी. लग्नानंतर त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती, तेजूची आई म्हणायचा. तेजू कोण हेच तिला आठवेना तेव्हा तो कुसा म्हणायला लागला. कुसा म्हटलं की ती वळून बघायची. हाक तिची होती. हाक मारणारा कोण, ते तिला कळायचं नाही.

"गाडीला वेळ आहे बाई," तो म्हणाला. "बसा."

"माझं पांघरूण कुणी नेलं?"

"धुवायला टाकलंय."

"कुणी टाकलं? कुणाला विचारून टाकलं?" ती उठून उभी राहिली. "चोर हायेत इथं सगळे. मी आयला सांगते."

ती दाराशी गेली, कडी हलवायला लागली. वरच्या बाजूला हिरामणनं दुसरी कडी लावून घेतली होती. तिथवर तिचा हात पोचत नव्हता. ती थांबली, वळली आणि घर हुंगत हुंगत मोरीपाशी आली.

आणि काचेसमोर उभी राहिली.

आत पाणी हललं होतं. हिरवं लुगडं काचेला लागून तरंगत होतं आणि लाल काठ त्याच्याभोवती सैल पसरला होता. कुसा वाकली. तिनं काचेला नाक लावलं. तिचा चेहरा हिरामणला दिसत नव्हता, पाठ दिसत होती.

"आय," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "आय पाण्यात हाय."

"कुसा, ती गोधडी आहे."

"आय बुडाली. ओ, काढा तिला. आय बुडाली नं."

तिनं तळव्यांनी काच बडवली. हिरामण तिला मागं ओढायला गेला तर तिनं कोपरानं त्याला ढकललं. या वयात तिच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. ती स्वयंपाकघरात धावली आणि आली ती पाट्यावरचा वरवंटा दोन्ही हातांत घेऊन. हिरामणला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. काच फुटली तर तिच्या तोंडावर येणार होती, एवढं एकच त्याच्या डोक्यात आलं. त्यानं आपला हात काचेवर पसरला आणि वरवंटा हातावर बसला.

त्याच्या डोळ्यांपुढं काळं झालं. बोटं आहेत की गेली, ते कळेना. वरवंटा फरशीवर पडून गडगडत कोपऱ्यात गेला.

कुसा थांबली होती. त्याच्या हाताकडं बघत होती.

"लागलं?" तिनं विचारलं.

"नाही लागलं."

"मग आयला काढा ना."

"काढतो," हिरामण म्हणाला. तो फरशीवर बसला. "काढतो मी तिला. तू इथं बस माझ्याजवळ. हलायचं नाही. परात आण आणि बस."

परात हा शब्द तिला कळला. ती गेली आणि पिठाची परात घेऊन आली. त्याच्याशेजारी उकिडवी बसली आणि काय धरायचं आहे याची वाट बघायला लागली. आणि तिच्या मांडीच्या पातळीवर, मशीनच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, हिरामणला कुंकवाचा डाग दिसला.

तो त्यानं दर दसऱ्याला बघितला होता. कारखान्यात खंडेनवमीला लेथला हार घालून तो घरी यायचा, तेव्हा कुसा म्हणायची, घरचं यंत्र काय सावत्र हाय का? आणि मशीनच्या पायाशी हळदकुंकू लावायची. वर एवढा मोठा पत्रा मोकळा सोडून इतक्या खाली का लावते, असं त्याला वाटायचं. आता त्यानं नीट बघितलं. कुंकू ज्यावर होतं तो पत्रा नव्हता, एक चौकोनी झाकण होतं. कडा पत्र्यात इतक्या बेमालूम बसल्या होत्या की नजरेला लागू नयेत. जिथं हात लावायची पाळी वारंवार येते, तिथंच तिनं कुंकू लावलं होतं.

हिरामणनं स्क्रूड्रायव्हरचं पातं फटीत सरकवलं. झाकण टचकन सुटलं. आत काळी चकती, मधे धरायला दांडी. हीच जाळी. त्यानं वायर काढून ठेवली आणि डाव्या हातानं चकती फिरवायला घेतली. उजवा हात टम्म सुजायला लागला होता. चकती हलेना. त्यानं दात आवळले, अंगाचा सगळा भार मनगटावर टाकला आणि ती थोडीशी वळली.

पाणी आलं. आधी पाझर, मग धार. कुसानं परात पुढं सारली. भरली तशी मोरीत ओतली, परत लावली. तिला कुणी सांगितलं नाही. पण प्रत्येक वेळी ती काचेत वाकून बघायची आणि विचारायची, "आली का?"

"येतेय."

"श्वास हाय का तिचा?"

"आहे."

उन्हाचा तुकडा भिंतीवरून छताकडं गेला होता, तांबूस झाला होता. काचेमागचं पाणी खाली खाली उतरत होतं. आणि एकाएकी चकती हातात निसटून आली. पाण्याचा लोट परातीवरून उडाला, मोरीच्या उंबऱ्यावरून बाहेर गेला, स्वयंपाकघरात, दाराखालून जिन्यात. हिरामणनं तिकडं बघितलंही नाही. त्यानं मूठ धरली, ओढली. खट्ट झालं आणि दार उघडलं.

कुसानं दोन्ही हात आत घातले आणि गोधडी पोटाशी घेतली, होती तशी, निथळती. हिरामणनं निघालेली जाळी उचलली. जाळीच्या दातांत एक चिंधी अडकली होती. फिकट लाल, वर दोऱ्याचे वेढे. त्यानं ती ओढून काढली. एवढीशी पुरचुंडी, फाटलेली. तिच्यातून बारीक तांबडे दाणे त्याच्या तळव्यावर आले, पाण्यानं फुगलेले. नागली, नाचणीचे दाणे.

दारावर थापा पडत होत्या. "भाऊ! गंगेला पूर आला का काय? माझ्या दारात पाणी आलंय!"

त्यानं वरची कडी काढली. सगुणाबाई पदर खोचून आत आली ती पाण्यातच उभी राहिली. तिनं मोरी बघितली, कुसाला बघितलं, हिरामणचा हात बघितला. थट्टा तिच्या ओठावरच विरली. मग तिची नजर त्याच्या तळव्यावरच्या दाण्यांवर गेली.

"अरे देवा," ती म्हणाली. "तुम्ही घासासकट धुतली व्हय?"

"कसला घास?"

"गोधडीचा. अहो, गोधडी शिवून झाली का शेवटच्या कोपऱ्यात दाणे घालून मग तोंड शिवायचं. तिचंच पोट रिकामं असलं तर ती माणसाला ऊब कुठून देईल? कुसाताई घाटावर बसली का आधी तो कोपरा उसवायची, पुरचुंडी कमरेला खोचायची, मग गोधडी पाण्यात. वाळली का नवे दाणे. तुम्हाला म्हाईत नाय?"

"नाही."

"कसं असंल. बाप्यांसमोर करायचं नसतं ते."

हिरामण जागीच उभा राहिला. लग्नापासूनचे सगळे हिवाळे तो त्या गोधडीखाली झोपला होता.

"आता असे उभे राहू नका," सगुणाबाई म्हणाली. "दिवे लागायला आले. पिळून तरी काढा तिला. मी हे पाणी काढते."

गोधडीचं एक टोक कुसाच्या हातात होतं. दुसरं हिरामणनं धरलं, डाव्या हातात, उजव्याच्या मनगटाचा टेकू देऊन. दोघं मोरीच्या दोन बाजूंना उभी राहिली. कुसानं पीळ घातला. त्यानंही घातला. पाण्याचा थेंब पडेना.

"उलटा," कुसा म्हणाली.

त्यानं आणखी जोर लावला.

"उलटा पिळा की. मी हिकडं तर तुम्ही तिकडं. दोघं एकाच बाजूला फिरलो तर पाणी निघंल का? कुणी शिकवलं तुम्हाला धुणं?"

"कुणीच नाही," हिरामण म्हणाला.

"दिसतंय."

त्यानं उलटा पीळ घातला. गोधडी दोघांच्या मधे ताठ झाली, वेटोळं झाली आणि पाणी पावसाच्या पन्हाळीसारखं कोसळलं. कुसाचे खांदे सरळ झाले होते. पाऊल रोवून उभी होती. घाटावर ती अशीच उभी राहत असेल, हे हिरामण आज पहिल्यांदा बघत होता.

फोन परत वाजला. हिरामणचे हात गुंतलेले, म्हणून सगुणाबाईनं घेतला. "ये पोरी, बघ. तुझी आई तुझ्या बापाला धुणं शिकवतीये. लय मठ्ठ हाये विद्यार्थी."

तेजूचा आवाज एकदम बारीक आला. "आई?"

कुसानं फोनमधल्या चेहऱ्याकडं बघितलं. "कोण गं तू? रिकामी हायेस तर मधे धर. वजन लय हाय."

मग तेजू म्हणाली, "उद्या येते, आई. उद्या धरते."

"लवकर निघ. गाडीला गर्दी असती."

"बाबा, हाताला काय झालं?"

हिरामणला एक खोटं लगेच सुचलं. ते त्यानं गिळलं. "वरवंटा लागला. तिनं मशीनची काच फोडायला उचलला होता. गोधडी आत अडकली होती, माझ्यामुळं. दार बंद होतं, ती कुठं गेली नाही. पण वरवंटा उचलला होता, तेजू. लपवत नाही."

"उद्या बोलू, बाबा," ती म्हणाली. त्या बोलण्यात हो होतं की नाही, ते त्याला कळलं नाही.

गोधडी गॅलरीच्या कठड्यावर पसरली. सगुणाबाई हळद गरम करून घेऊन आली, त्याचा हात बांधला. "मी खाली दोन भाकऱ्या टाकते तुमच्यासाठी," असं म्हणत दार ओढून घेऊन गेली.

समोरच्या बिल्डिंगीत दिवे लागायला लागले. हीच ती वेळ. कुसा गोधडीजवळ पाटावर बसली होती. तिनं पहिला कोपरा चाचपला, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी तिची बोटं थांबली. तो चपटा होता, शिवण उसवलेली. तिनं आत बोट घातलं आणि काही सापडलं नाही. तिचा श्वास वर चढायला लागला.

"उपाशी हाय ही," ती म्हणाली. "ओ कंडक्टर, उपाशी हाय ही."

हिरामण स्वयंपाकघरात गेला. तिच्या आंबिलीसाठी आणलेली नागली डब्यात होती. त्यानं चिमूटभर घेतली, तिच्या जुन्या पोलक्याची लाल चिंधी फाडली, सुईदोरा आणला. दोरा ओवायला त्याला फार वेळ लागला. एक हात बांधलेला, चष्म्यावर पाण्याचे शिंतोडे. शेवटी ओवला गेला. सगळं त्यानं तिच्यापुढं ठेवलं.

तिनं दाण्यांकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

"तोंड फिरवा," ती म्हणाली.

तो फिरला. रस्त्याकडं तोंड करून, कठडा धरून उभा राहिला. आणि तेव्हा त्याला आठवलं की सगुणाबाई गेली तेव्हा दार नुसतं ओढलेलं होतं. कडी लावलेली नव्हती. वरचीही नाही, खालचीही नाही.

मागं बांगड्या वाजत होत्या. मग वाजेनाशा झाल्या. पाट सरकल्याचा आवाज आला. पावलं होती की नव्हती, खालच्या रिक्षांच्या गोंगाटात कळेना. त्याची मान आपोआप वळायला आली आणि त्यानं ती धरून ठेवली. बाप्यांसमोर करायचं नसतं. आयुष्यभर त्यानं न कळता पाळलेली ही एकच गोष्ट होती, आज कळून पाळायची होती. घाम त्याच्या कानामागून खाली उतरला. समोरच्या दिव्यांकडं बघत तो उभा राहिला.

मग दोरा कापडातून ओढल्याचा बारीकसा आवाज आला. आणि त्याच्या मागोमाग कुसाचा आवाज. ही ओवी त्यानं अनेकदा अर्धी ऐकली होती. पहिली ओळ ती मोठ्यानं म्हणायची आणि दुसरी ओठांतल्या ओठांत. आज तिला लपवायचं भान उरलं नव्हतं.

चार कोपऱ्यांची गोधडी, तीन कोपरं शिवलं,
चौथ्या कोपऱ्यात आयनं, नागलीला निजवलं.

दोरा दातानं तुटल्याचा आवाज आला.

"झालं," ती म्हणाली. "वळा आता."

तो वळला. ती पाटावरच होती. ओल्या गोधडीचा चौथा कोपरा तिनं गालाशी धरला होता. तिचं तोंड, गळा, पोलकं भिजलं होतं, पण श्वास खाली बसला होता. पिशवी भिंतीशी पडली होती, आणि तिच्यातून स्वेटरची बाही बाहेर आली होती.

"बाई," हिरामण म्हणाला, "करंजाळीची गाडी लागलीय. यायचं का?"

कुसानं गोधडी चाचपली.

"जाऊ द्या तिला," ती म्हणाली. "गोधडी वाळायची हाय अजून."

हिरामणनं लुंगीत खोचलेला स्क्रूड्रायव्हर काढला आणि कठड्याच्या लोखंडावर दोनदा वाजवला, गाडी सोडताना कंडक्टर घंटा देतो तसा. मग तो आत गेला, कडी लावून आला आणि तिच्याशेजारी, ओल्या फरशीवर बसला.